भाजलेल्या कोंबडीचा कोरडा मसाला घरीच करा

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक दर सोमवारी रक्तदाब तपासायला येत. गोळ्या वेळेवर, सकाळचे फिरणे चुकत नव्हते, लोणचे-पापड बंद. तरी वरचा आकडा 160 च्या पुढे आणि पायांवर थोडी सूज. एकदा ते गुरुवारी आले, तर आकडा 140! मग खोदून विचारले. रविवारी मुलगा शेतावर कोळशाची शेगडी पेटवून कोंबडी भाजायचा. किलोभर मांसाला विकतच्या तंदुरी मसाल्याचा अख्खा पुडा, वर चवीपुरते मीठ आणि खाताना पुन्हा चाट मसाला. सरांच्या समजुतीप्रमाणे मात्र त्यांनी मीठ केव्हाच सोडले होते.

वाचकहो, पुड्याच्या पाठीमागची बारीक अक्षरे जरा चष्मा लावून वाचा. घटकांच्या यादीत ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी असते. मीठ पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर तुम्ही मसाल्याच्या भावाने मीठ घेत आहात. सोडियमचा आकडा दिला असेल तर त्याला अडीचने गुणा. समजा, 100 ग्रॅममध्ये 6000 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ झाले 15 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणाचा मिळून.

घरचा मसाला काही अवघड नाही. किलोभर कोंबडीला दोन चमचे धने, एक चमचा जिरे, एक चमचा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि सहा-सात ब्याडगी मिरच्या. हे मंद आचेवर वेगवेगळे भाजावे, गार झाल्यावर बारीक करावे. त्यात अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा सुंठ आणि चमचाभर आमचूर. ब्याडगीला रंग भरपूर, तिखटपणा बेताचा, त्यामुळे खाण्याचा रंग वेगळा लागत नाही. आमचुराच्या आंबटपणामुळे मीठ कमी पडल्याचे फारसे जाणवत नाही. मीठ मसाल्यात कालवून ठेवू नका. मांसाला चोळताना सपाट एक छोटा चमचा घ्या. सहाजण जेवले तर माणशी एक ग्रॅमच्या आत बसते.

मिरच्या भाजताना दम्याच्या रुग्णाला घराबाहेर बसवा. त्या ठसक्याने रात्री दम लागलेले रुग्ण मी दर उन्हाळ्यात पाहतो. (आमच्या घरी या कामाच्या वेळी मलाच बाहेर काढतात, ते वेगळ्या कारणासाठी.)

मिरची कडकडीत वाळलेली हवी. ओलसर राहिली, आतून काळी-करडी झाली तर फेकून द्या. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. ओला लसूण याच कारणासाठी मसाल्यात वाटू नये, तो आयत्या वेळी मांसाला लावावा. मसाला काचेच्या कोरड्या बरणीत, महिन्याभरात संपेल एवढाच करावा.

मीठ कमी करायचे म्हणून काहीजण 'कमी सोडियमचे' मीठ आणतात. त्यात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

आता निखाऱ्यांविषयी. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धूर उठतो आणि त्या धुरातले, तसेच मांस करपताना तयार होणारे काही पदार्थ कर्करोगाला कारण होऊ शकतात. म्हणून चरबी आधी काढा, ज्वाळा बसून निखारे राखाडी होऊ द्या, तुकडे वरचेवर उलटा, काळा भाग कापून टाका. मसाल्यात साखर घालण्याची नवी पद्धत मला पसंत नाही, ती सर्वांत आधी करपते.

करपण्याच्या भीतीने कच्चेही खाऊ नये. हाडाजवळ गुलाबी दिसले, लालसर पाणी आले तर पुन्हा शेगडीवर ठेवा. मसाला चोळलेली कोंबडी फ्रीजमध्ये मुरवा, ओट्यावर नव्हे. कच्च्या मांसाला लागलेल्या हाताने मसाल्याच्या बरणीत चमचा घालू नका, ताटलीत उरलेला मसालाही परत बरणीत नको. आणि कच्चे तुकडे नेलेल्या ताटातच भाजलेले वाढून घेऊ नका. रविवारच्या बेतानंतर दोन-तीन दिवसांत जुलाब-उलट्यांनी येणाऱ्या कुटुंबांना मी हे ताट पहिल्यांदा विचारतो.