शेवटचा शब्द आधी वाचा



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्जासाठी अर्ज केला. कागदांच्या गठ्ठ्यात एका पानावर इंग्रजीत मथळा होता, 'लोन इन्शुरन्स'. ताई अक्षरं जुळवून वाचतात. 'लोन' एवढं लागलं, म्हणून तो कर्जाचाच कागद समजून त्यांनी सही केली. पैसे जमा झाले ते विम्याचा हप्ता वजा होऊन. विमा वाईट नसतो. पण आपण विमा घेतोय, हेच ताईंना ठाऊक नव्हतं.

म्हणून आज इंग्रजीतले जोडशब्द समजून घेऊ. ते आपल्याला नवे नाहीत. पोळपाट म्हणजे काय? पाट. कशाचा? पोळीचा. देवघर म्हणजे घर, देवाचं. घरजावई म्हणजे जावईच, घर नव्हे! वस्तू कोणती ते शेवटचा शब्द सांगतो, आणि कुठल्या प्रकारची ते पहिला.

इंग्रजीतही बहुतेक वेळा हेच चालतं. 'लोन इन्शुरन्स' म्हणजे इन्शुरन्स, विमा. 'लोन अकाउंट' म्हणजे अकाउंट, खातं, पण कर्जाचं. बचतीचं ते 'सेव्हिंग्ज अकाउंट'. शब्दांची जागा बदलली की अर्थही बदलतो. 'हाऊसबोट' ही राहण्याची होडी, तर 'बोटहाऊस' म्हणजे होड्या ठेवायची जागा.

मात्र पहिला शब्दही सोडायचा नाही. 'डेबिट कार्ड' आणि 'क्रेडिट कार्ड', दोन्ही कार्डंच. पण डेबिट कार्डाने आपल्या खात्यातले पैसे जातात, आणि क्रेडिट कार्डाने केलेला खर्च ही उधारी असते, ती नंतर फेडावी लागते.

तीन शब्द आले तर मागून पुढे या. 'सेव्हिंग्ज बँक अकाउंट': काय? खातं. कुठलं? बँकेतलं. कशाचं? बचतीचं.

हे शब्द लिहायच्या तीन तऱ्हा आहेत. 'पासबुक' एकत्र, 'लोन अकाउंट' सुटं, आणि 'मदर-इन-लॉ' मध्ये आडव्या रेघा देऊन. या सासूबाईंचा मान मात्र वेगळा: इथे मुख्य शब्द, 'मदर', पुढे बसतो. काही शब्द तर फोड करून कळतच नाहीत. 'बटरफ्लाय' मध्ये बटर म्हणजे लोणी आणि फ्लाय म्हणजे माशी; अर्थ मात्र फुलपाखरू! असा शब्द विचारूनच घ्यावा.

आज घरी गेल्यावर पासबुक काढा. त्यावरचे इंग्रजी जोडशब्द मुलांकडून वाचून घ्या आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: काय? आणि कशाचं? गटाच्या पुढच्या बैठकीत ते शब्द एकमेकींना सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. साहेबांना विचारायला लाजू नका, सही आपली आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार!