अर्ध्या शब्दावरून पान ओळखणे : मराठी विकीच्या संपादकातील शब्दपूर्ती

विकी या प्रकारच्या संकेतस्थळावरील कोणतेही पान वाचकाला तिथल्या तिथे दुरुस्त करता येते आणि एका पानातून दुसऱ्या पानाकडे दुवा देण्यासाठी त्याला संगणकशास्त्र अवगत असावे लागत नाही. मात्र ज्या पानाकडे दुवा द्यायचा त्याचे शीर्षक त्याला तंतोतंत, ऱ्हस्वदीर्घासह ठाऊक असावे लागते. दोन-चार अक्षरे टाइप होताच संभाव्य शीर्षकांची यादी पुढे ठेवणारी जी सोय संपादकात, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या चौकटीत, दिलेली असते तिचे मूळ या अटीत आहे. या सोयीला येथे शब्दपूर्ती म्हटले आहे. मोबाइलच्या कळफलकावरील शब्दपूर्ती बोटांचे कष्ट वाचवते आणि तिला पुढचा शब्द भाषेत संभवतो एवढे कळले तरी पुरते. विकीच्या शब्दपूर्तीला मात्र लिहिणाऱ्याच्या मनात असलेले पान कोणते हे ओळखायचे असते, मग त्याने टाइप केलेली अक्षरे त्या पानाच्या शीर्षकाशी जुळोत वा न जुळोत. मराठी विकीसाठी ही सोय घडवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतात.

विकीचा आरंभ वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५मध्ये केला तेव्हा दुवा देण्याची त्यांची रीत अगदी सोपी होती : दोन शब्द जोडून लिहावेत, प्रत्येकाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत ठेवावे, की त्या जोडशब्दाचा आपोआप दुवा होई. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ही रीत मराठीला कधीच लागू पडली नसती. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षात तेथे दुहेरी चौकटी कंसांत शीर्षक लिहून दुवा देण्याची पद्धत रुळली, म्हणूनच १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला दुव्यांचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही. टाइप करता करता सुचवण्या दाखवण्याची सवय जगाला लागली ती गूगलने डिसेंबर २००४मध्ये शोधचौकटीत ती सोय प्रयोग म्हणून आणल्यापासून. तिच्यामागची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. शब्द अक्षराअक्षराने फुटत जाणाऱ्या झाडाच्या रूपात साठवावेत, म्हणजे ‘राय’ या फांदीवर येताच तिच्या पुढच्या साऱ्या डहाळ्या हाती लागतात, ही ट्राय नावाची रचना १९५९–६०च्या सुमारास दे ला ब्रियांदे आणि एडवर्ड फ्रेडकिन यांनी मांडली होती. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिच्या आजच्या शोधयंत्रणेत याच रचनेचे अधिक आटोपशीर वंशज काम करते, आणि ते जुळणाऱ्या शीर्षकांना त्यांच्याकडे येणारे दुवे व त्यांची वाचकसंख्या पाहून क्रम देते.

ही यंत्रणा मराठीच्या हाती आल्यावर काय होते हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेरचे, पण मराठीशी जुने नाते असलेले एखादे ठिकाण घेणे सोयीचे. छत्तीसगढचा प्रदेश १८५४पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, रायपूर, दुर्ग, बिलासपूर या शहरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्र्याहून काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच होते. याच प्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून जामुल हे औद्योगिक नगर आहे. तेथे एसीसीचा सिमेंट कारखाना १९६०च्या दशकात उभा राहिला आणि जवळच्या भिलाई पोलाद कारखान्यातील झोतभट्ट्यांची धातुमळी त्याला कच्चा माल म्हणून मिळत गेली. या कारखान्यातील कंत्राटी कामगारांचा लढा कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्या चळवळीचा भाग होता, आणि त्याच नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. एवढ्या मजकुराचे एक छोटे पान मराठी विकीवर लिहायला घेतले तरी जामुल, दुर्ग, भिलाई, रायपूर आणि छत्तीसगढ असे पाच दुवे पहिल्या परिच्छेदातच द्यावे लागतात, आणि या पाचही नावांपाशी शब्दपूर्ती वेगवेगळ्या कारणांनी अडखळते.

भिलाईपासून सुरुवात करता येईल. मराठी विकीवर लिहिणारे अनेकजण रोमन कळांनी देवनागरी उमटवणारी लिप्यंतर पद्धत वापरतात. मीडियाविकीत ती पूर्वी ‘नारायम’ नावाच्या जोडणीतून मिळे, पुढे भाषानिवडीच्या सर्वसाधारण सुविधेत तिचा समावेश झाला. या पद्धतीत व्यंजन आधी पाय मोडून येते आणि स्वराची कळ दाबल्यावर पूर्ण होते. ‘भिलाई’ लिहिताना त्यामुळे मध्येच क्षणभर ‘भिल्’ असा अपुरा आकार तयार होतो, आणि तेवढ्यात शोध घेतला गेला तर यादीतून भिलाई नाहीशी होऊन तिच्या जागी भिल्ल समाजाचे पान येते. पुढची कळ दाबताच यादी पुन्हा पालटते. डोळ्यांसमोर सतत हलणारी यादी कोणी वाचत नाही. उपाय लहानसा आहे : शेवटचे चिन्ह हलन्त असेल तर ते सोडून देऊन ‘भिल’ एवढ्यावर शोध घ्यावा, म्हणजे दोन्ही पाने यादीत राहतात. पण हा उपाय सुचायला कोणीतरी ही पद्धत प्रत्यक्ष वापरून पाहिलेली असावी लागते, आणि आंतरराष्ट्रीय प्रणाली घडवणाऱ्यांच्या टेबलावर ते क्वचितच घडते.

इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाण ठरवलेला कळफलक वापरणाऱ्यांची अडचण आणखी मूलभूत आहे. विकीच्या संपादकात दुव्याची शब्दपूर्ती सहसा दोन चौकटी कंस उघडताच सुरू होते, आणि इन्स्क्रिप्टमध्ये चौकटी कंसाच्या कळेवर ‘ड’ आणि शिफ्टसह ‘ढ’ बसवलेला आहे. छत्तीसगढमधला ‘ढ’ ज्या कळेने उमटतो तीच कळ दुव्याचे दार उघडण्यासाठी हवी असते! साच्यांसाठी लागणारे महिरपी कंस आणि दुव्यात शीर्षक व दिसणारा मजकूर वेगळा करणारी उभी रेघ यांचीही हीच गत आहे. शब्दपूर्ती केवळ या चिन्हांवर अवलंबून ठेवली तर इन्स्क्रिप्टवाल्याला दर दुव्याला दोनदा कळफलक बदलावा लागतो; म्हणून शब्द निवडून कंट्रोल आणि के या कळा दाबण्याचा, दृश्य संपादकात असलेला मार्ग साध्या विकिमजकुराच्या संपादकातही असणे ही चैन मानता येणार नाही.

दुर्ग या नावाची अडचण क्रमाची आहे. ते टाइप करणाऱ्यासमोर दुर्गा, दुर्गाबाई भागवत, दुर्गापूजा अशी याच अक्षरांनी सुरू होणारी आणि कदाचित अधिक वाचली जाणारी पाने येणार, आणि लोकप्रियतेने क्रम लावणारी यंत्रणा जिल्ह्याला खाली ढकलणार. तंतोतंत जुळणारे शीर्षक लोकप्रिय असो वा नसो, नेहमी पहिले यावे, हा नियम येथे निरपवाद असायला हवा. त्याखेरीज प्रत्येक शीर्षकाखाली ‘छत्तीसगढमधील जिल्हा’ असे एका ओळीचे वर्णन असावे, कारण मराठी वाचकाच्या मनात दुर्ग म्हणजे आधी किल्ला येतो. हे वर्णन विकिडेटा या २०१२ साली सुरू झालेल्या सामायिक माहितीकोशातून घेता येते, अर्थात तेथे ते कोणी मराठीत लिहिलेले असेल तर.

खरा कस लागतो तो जामुल आणि रायपूर यांच्यापाशी. मराठी साहित्य महामंडळाचे जे चौदा लेखननियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, आणि ज्यांत १९७२मध्ये आणखी चारांची भर पडली, त्यांनुसार तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात. त्यामुळे पुण्याचा लेखक सवयीने ‘जामूल’ लिहील आणि भिलाईत हिंदी शाळेत शिकलेला मराठी लेखक पाटीवर वाचलेले ‘जामुल’ लिहील. रायपूरचे तसेच, पण तेथे एक गंमत आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागताना नामाचे जे सामान्यरूप होते त्यात हा दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘रायपूर’ पण ‘रायपुरात’. आणि हे ‘रायपुर’ हिंदीतल्या मूळ लेखनाशी अक्षरशः सारखे आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधापुरता बाजूला ठेवला तर हिंदी वळणाने लिहिणारा आणि शुद्ध मराठीत वाक्य लिहिता लिहिता सप्तमीपर्यंत पोचलेला, दोघेही एकाच पानावर येतात.

आजच्या यंत्रणेत चुका पोटात घालण्याची सोय नाही असे नाही, परंतु ती भाषेच्या नियमांवर आधारलेली नाही. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती चिन्हे बदलावी, गाळावी वा घालावी लागतात ही संख्या मोजून ती एक-दोनच्या आत असेल तर शब्द जवळचा मानायचा, असे हे माप आहे. रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांच्या नावाने ते ओळखले जाते. देवनागरीत मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे या मापाने जामुलपासून जामूल जेवढे दूर तेवढेच जामुनही दूर ठरते. पहिल्या दोहोंत केवळ लेखनाचा फरक आहे आणि तिसरे फळ आहे, हे कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. संख्येला ते सांगता येत नाही. म्हणून मराठीसाठी ढोबळ सहिष्णुतेपेक्षा ठरावीक भेद तेवढे मिटवणारे सपाटीकरण अधिक उपयोगी आहे, ज्यात इ-ई, उ-ऊ, अनुस्वार आणि त्याच जागी येणारे अनुनासिक, नुक्ता, तसेच ‘दऱ्या’सारख्या शब्दांत येणाऱ्या अर्ध्या र-च्या दोन वेगवेगळ्या संगणकीय नोंदी यांचा विचार होईल. ल्यूसीन या खुल्या शोधग्रंथालयात हिंदीसाठी असे सपाटीकरण तयार आहे, त्यामुळे काम अगदी पायापासून करावे लागणार नाही. छत्तीसगढच्या बाबतीत नुक्ता गाळला की हिंदी आणि मराठी लेखन एक होते. मात्र मराठी वृत्तपत्रांत सर्रास आढळणारे ‘छत्तीसगड’ कोणत्याही सपाटीकरणात बसत नाही, कारण ड आणि ढ सरसकट एक मानले तर नुकसान फार होईल.

येथे माणसाने आधीच करून ठेवलेल्या कामाकडे वळणे भाग पडते. एका नावावरून वाचकाला दुसऱ्या नावाच्या पानावर नेणारे जे पान विकीवर असते त्याला पुनर्निर्देशन म्हणतात, आणि ‘छत्तीसगड’चे पुनर्निर्देशन कोणी केले असेल तर शब्दपूर्तीचा प्रश्न तेथेच संपतो. त्याहून मोठा साठा दुव्यांतच दडलेला आहे. वाक्यात ‘रायपुरात’ दिसावे आणि दुवा रायपूरकडे जावा म्हणून लेखक कंसात शीर्षक, उभी रेघ आणि विभक्तीचे रूप असे तिन्ही लिहितो, आणि अशा प्रत्येक दुव्यात सामान्यरूप व मूळ नाव यांची एक जोडी मराठी जाणणाऱ्या माणसाने जुळवून ठेवलेली असते. या जोड्या गोळा केल्या की व्याकरणाची स्वतंत्र यंत्रणा न लिहिताही ‘पुण्यात’वरून पुणे आणि ‘कोल्हापुरात’वरून कोल्हापूर सुचवता येते. विकिमीडियाने २०२१मध्ये नवख्या सदस्यांसाठी दुवे सुचवणारी जी सोय आणली तिचा पाया अशाच जोड्यांवर आहे, आणि ती प्रथम ज्या विकिपीडियांवर आली त्यांत बंगालीही होता. सुचवणी स्वीकारल्यावर संपादकाने लेखकाचे ‘रायपुरात’ पुसून ‘रायपूर’ टाकू नये, तर दुव्याचा पूर्ण आकार स्वतः रचून वाक्य जसेच्या तसे ठेवावे, एवढे पथ्य पाळले नाही तर लेखक दुसऱ्यांदा त्या यादीकडे पाहणार नाही.

वर्गांची नावे, म्हणजे पानांची विषयवार गटवारी करणारी शीर्षके, हे एक निराळेच प्रकरण आहे. इंग्रजीत ‘शहरे’ हा शब्द आधी आणि प्रदेश नंतर येतो, मराठीत ‘दुर्ग जिल्ह्यातील शहरे’ असा उलटा क्रम असतो; त्यामुळे आरंभाच्या अक्षरांवर चालणारी शब्दपूर्ती इंग्रजी लेखकाला विषयावरून आणि मराठी लेखकाला स्थळावरून वर्ग शोधायला लावते. ‘शहरे’ टाइप करून मराठीत काहीच हाती लागत नाही. वर्गांपुरता तरी शोध शीर्षकातील कोणत्याही शब्दाच्या आरंभापासून घ्यावा, यात फारसा मतभेद होऊ नये. साच्यांच्या बाबतीत, म्हणजे माहितीचौकटीसारख्या तयार रकान्यांच्या बाबतीत, २०१३पासून प्रत्येक रकान्याचे नाव व अर्थ नोंदवण्याची व्यवस्था आहे आणि मराठी-इंग्रजी पर्यायी नावेही तेथे देता येतात. अडचण आहे ती नोंदी भरणाऱ्या माणसांची.

सुचवणी स्वीकारण्याच्या कळेचा निर्णय क्षुल्लक वाटतो, पण विकिमजकुरात एंटर म्हणजे संपादकात नवी ओळ आणि दोन एंटर म्हणजे नवा परिच्छेद असल्यामुळे यादी उघडी असताना एंटरने पहिली सुचवणी आपोआप घेतली गेली तर लिहिणाऱ्याच्या नकळत मजकूर बदलतो. यादीतील कोणतीही ओळ आधीपासून निवडलेली नसावी, बाणाच्या कळेने उतरल्यावरच एंटरला स्वीकाराचा अर्थ यावा आणि एस्केपने यादी गुपचूप मिटावी, हे बरे. मोबाइलवर कळफलकाची स्वतःची सुचवण्यांची पट्टी वर असतेच. कळफलकाचा शब्द अजून घडत असताना संपादकाने मध्ये हात घातला तर अक्षरे दुबार उमटतात, म्हणून ब्राउझर शब्द पूर्ण झाल्याचे कळवीपर्यंत मजकुराला हात लावू नये. आधीच्या अक्षरांवरच्या शोधाचे उशिरा पोचलेले उत्तर टाकून द्यावे, हे सांगायलाही नको.

यादीची शेवटची ओळ मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. शोधलेले पान अस्तित्वातच नसेल तर तसे स्पष्ट सांगून त्या नावाचा लाल दुवा, म्हणजे न लिहिलेल्या पानाचा दुवा, घालू देणारी ओळ तेथे असावी, आणि ती दाखवताना त्याच नावाचे सपाट रूप असलेले दुसरे लाल दुवे इतर पानांत आधीच आहेत का हे तपासले जावे. मीडियाविकी ज्यांच्याकडे सर्वाधिक लाल दुवे येतात अशा पानांची ‘हवे असलेले लेख’ अशी यादी स्वतः तयार करते, आणि नवे लेखक विषय निवडण्यासाठी ती पाहतात. एका लेखात जामुल, दुसऱ्यात जामूल आणि तिसऱ्यात ‘जामूल, छत्तीसगड’ असे तीन दुवे विखुरले तर त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एकच मागणी दिसते आणि तिन्ही नावे तळाशी राहतात.