ठेवीदारांचा पहारेकरी

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा प्रत्येक ठेवीदारास सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा देण्यात आली. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविली गेली हे खरे. परंतु आयुष्यभराची शिल्लक एका रात्रीत दुरावल्याचा जो अनुभव निवृत्त नोकरदारांस व लहान व्यापाऱ्यांस आला, तो विसरता येण्याजोगा नव्हे. एका बांधकाम समूहास दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांच्या आड लपविली गेल्याचे तपासात आढळले.

हे इतके दिवस ध्यानात का आले नाही? नागरी सहकारी बँकांवर १ मार्च १९६६ पासून दोन धनी होते. नोंदणी, निवडणुका आणि व्यवस्थापन यांवर सहकार निबंधकांची सत्ता, तर परवाना व बँकव्यवहार यांवर रिझर्व्ह बँकेची. दोघांचा पहारा असला की प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. २००१ मध्ये माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँक कोसळली, तेव्हाच हा दोष स्पष्ट झाला होता. तथापि कायद्यात मूलगामी सुधारणा होण्यास २०२० साल उजाडावे लागले.

त्या वर्षीच्या बँकिंग नियमन दुरुस्ती कायद्याने रिझर्व्ह बँकेस सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर व मुख्य अधिकाऱ्यांच्या नेमणुकीवर अधिक अधिकार दिले. तसेच व्यवहार गोठविल्याविना बुडत्या बँकेची पुनर्रचना वा विलीनीकरण करण्याची वाट मोकळी केली. ठेवविम्याची मर्यादा त्याच वर्षी १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि निर्बंध लादल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. १९६० मध्ये पलई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६२ पासून ज्या योजनेने अवघ्या १,५०० रुपयांचे संरक्षण दिले, तिचा हा विस्तार स्वागतार्ह आहे.

परंतु अधिकार मिळाला म्हणजे जागरूकता आली, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदविला गेला. कागदावरील शिल्लक तिजोरीत खरोखर आहे किंवा नाही, हे पाहण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नव्हती. लेखापरीक्षकाने व निरीक्षकाने आपले नित्याचे कर्तव्य करणे पुरेसे होते.

सहकाराची स्वायत्तता या कायद्याने धोक्यात येईल, ही भीती अगदीच निराधार नाही. सभासदांनी निवडलेल्या मंडळावर अंकुश ठेवताना रिझर्व्ह बँकेने विवेक सोडता कामा नये. मात्र स्वायत्तता ही संचालकांची खासगी मालमत्ता नव्हे. ती ठेवीदारांच्या विश्वासावर उभी असते. शिवाय गावोगावच्या पतसंस्था आजही ठेवविम्याच्या बाहेर आहेत आणि तेथे ठेव ठेवणाऱ्या पुष्कळांस हे ठाऊकही नसते.

दुहेरी नियंत्रणाची सबब रिझर्व्ह बँकेस आता पूर्वीसारखी पुढे करता येणार नाही. तपासणीत गंभीर दोष आढळल्यास त्याची वार्ता ठेवीदारास बंद दारावरील सूचनेतून कळावी, हे यापुढे क्षम्य नाही. अधिकारासोबत उत्तरदायित्व आले आहे, आणि त्याचा जाब संसदेने नियमितपणे मागितला पाहिजे.