विमानातील वरच्या वर्गाची किंमत : वर्गोन्नतीच्या दरांतील गोंधळाचे अर्थशास्त्र

एकाच विमानाच्या पुढच्या कक्षातील एकाच आसनासाठी सोमवारी एक रक्कम मागितली जाते, गुरुवारी तिच्या निम्मी, आणि प्रवासाच्या दिवशी विमानतळावर तिसरीच. वर्गोन्नतीसाठी, म्हणजे व्यवहारात ज्याला 'अपग्रेड' म्हणतात त्यासाठी, मागितलेले शुल्क कधी त्या क्षणी दोन वर्गांच्या भाड्यांत असलेल्या अंतरापेक्षाही अधिक भरते. कधी पहिल्या वर्गाचे सरळ विकले जाणारे तिकीट मागच्या कक्षातील निर्बंधमुक्त तिकिटाहून स्वस्त असते. आणि एवढ्यावरही शेजारच्या गृहस्थांनी ते स्थान एक पैसाही न देता मिळविलेले असते. अमेरिकेतील देशांतर्गत मार्गांवर हा अनुभव इतका नित्याचा आहे की, त्यावरून दोनच निष्कर्ष काढण्याची रीत पडून गेली आहे : एक तर हे दर लहरीने ठरतात, किंवा ग्राहकाला फसविण्यासाठी ते मुद्दाम गुंतागुंतीचे केले जातात. पहिला निष्कर्ष चुकीचा आहे. दुसऱ्यात तथ्याचा अंश आहे. पण तो कोठे आणि किती, हे मूल्यनिर्धारणाची रीत तपासल्यावाचून सांगता येत नाही.

प्रथम एक ऐतिहासिक गैरसमज दूर करावयास हवा. विमानप्रवासात पहिला वर्ग मागाहून निर्माण झाला नाही. मागाहून निर्माण झाला तो खालचा वर्ग. १९४८ साली कॅपिटल एअरलाइन्सने न्यूयॉर्क-शिकागो मार्गावर रात्रीची स्वस्त 'कोच' सेवा सुरू करीपर्यंत अमेरिकेतील नियमित विमानप्रवास बहुशः एकाच दर्जाचा होता. उत्तर अटलांटिक मार्गावर 'टूरिस्ट' वर्ग १९५२ साली आणि त्याहून काटकसरीचा 'इकॉनॉमी' वर्ग १९५८ साली आला. सेवेच्या श्रेणी पडल्या त्या वर चढून नव्हे, तर खाली उतरून.

या प्रक्रियेचे मर्म विमानाच्या शोधापूर्वीच सांगितले गेले होते. फ्रेंच अभियंता व अर्थशास्त्रज्ञ झ्यूल द्युप्युई याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी असे दाखवून दिले की, त्यांवर छप्पर न घालण्याचे कारण छपराचा खर्च हे नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढाच त्यातील हेतू. गरिबाला त्रास होतो तो श्रीमंताला भिववण्यासाठी. १९७८ साली मुसा आणि रोझेन यांनी मक्तेदार आणि वस्तूची गुणवत्ता यांविषयीच्या आपल्या निबंधात याच विचाराला गणिती रूप दिले : ज्याला उच्च गुणवत्तेची चाड आहे त्याने खालच्या श्रेणीकडे वळू नये म्हणून विक्रेता खालची श्रेणी समाजहिताच्या दृष्टीने इष्ट असते त्याहूनही निकृष्ट ठेवतो. गुडघ्यांना न पुरणारी जागा ही या दृष्टीने पुढच्या कक्षाची जाहिरातच होय.

तथापि या सिद्धांताने दोन वर्गांतील अंतर का आहे एवढेच कळते. ते अंतर दिवसागणिक का बदलते, हे कळत नाही. त्यासाठी आसन ही किती नाशवंत वस्तू आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. विमानाने धावपट्टी सोडताच रिकाम्या आसनाचे मूल्य शून्य होते. भाजीवाल्याला निदान संध्याकाळचा बाजार असतो. बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीतील लिटलवुड यांनी १९७२ साली मांडलेला नियम येथे मूलभूत आहे. स्वस्त दराचे गिऱ्हाईक आधी येते आणि महाग दराचे मागाहून येते, असे धरल्यास, हाती आलेली लहान रक्कम तेव्हाच स्वीकारावी, जेव्हा ती मोठ्या रकमेला तिच्या संभाव्यतेने गुणून येणाऱ्या अपेक्षित प्राप्तीहून कमी नसेल.

हा नियम वर्गोन्नतीला लावून पाहण्यासाठी काही कल्पित आकडे घ्यावेत. पुढच्या कक्षात एक आसन उरले आहे. त्याचे पूर्ण भाडे २४,००० रुपये. आणि उड्डाणापूर्वी ते पूर्ण भाड्याने खपण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. अपेक्षित प्राप्ती ६,००० रुपये झाली. मागच्या कक्षातील प्रवासी ६,००० किंवा अधिक देत असेल तर त्याला पुढे आणणे हितावह. आता मागचा कक्ष भरलेला असून बाहेर ५,००० रुपये देऊ इच्छिणारा ग्राहक ताटकळत आहे, असे समजावे. प्रवासी पुढे गेला की त्याचे मागचे आसन मोकळे होते आणि ते विकता येते. मग त्याच्याकडून केवळ १,००० रुपये घेऊनही कंपनीचा तोटा होत नाही. आणि मागच्या कक्षात जागांहून अधिक तिकिटे विकली गेली असतील, कोणाला तरी भरपाई देऊन मागे ठेवण्याची वेळ आली असेल, तर परवडणारे शुल्क शून्यावर किंवा शून्याखालीही जाते. शेजारच्या गृहस्थांना फुकट मिळालेल्या आसनाचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते. गर्दीच्या विमानात वर्गोन्नती महाग असावी, ही सामान्य समजूत यामुळे अनेकदा उलटी ठरते. निर्णायक गोष्ट असते ती दोन कक्षांतील टंचाईचे परस्परप्रमाण.

पहिल्या वर्गाचे तिकीट मागच्या निर्बंधमुक्त तिकिटाहून स्वस्त का, याचे उत्तरही येथेच मिळते. या दोन वस्तू दर्जाच्या एकाच शिडीवरील पायऱ्या नव्हेत. निर्बंधमुक्त तिकीट घेणारा आसनापेक्षा बेत बदलण्याचे स्वातंत्र्य विकत घेत असतो. पहिल्या वर्गाचे सवलतीचे तिकीट घेणारा ते स्वातंत्र्य सोडून आराम घेतो. वितरणव्यवस्थेत प्रत्येक दरगट रोमन वर्णमालेतील एकेका अक्षराने ओळखला जातो. 'एफ' म्हणजे पहिला वर्ग, 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याचा मागचा वर्ग, असे संकेत रूढ असले, तरी ही अक्षरे आसनाची नव्हेत, अटींची नावे आहेत. वर्गोन्नतीचे शुल्क तर पुष्कळदा या दरगटांच्या बाहेर, निराळ्या प्रणालीने ठरते; त्यामुळे ते आणि भाड्यांतील अंतर ही एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असे कोणतेही बंधन नसते.

या अक्षरांचा एक चमत्कारिक उपयोग अमेरिकन कंपन्यांनी केला, तो येथे नमूद करण्यासारखा आहे. 'वाय-अप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाड्यांत तिकिटावर मागच्या वर्गाचे पूर्ण भाडे लिहिलेले असे, पण आसन मात्र आरंभापासूनच पुढच्या कक्षात राखलेले असे. कारण उघड आहे. अनेक आस्थापनांचे प्रवासनियम कर्मचाऱ्याला पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊ देत नाहीत. पूर्ण भाड्याचे मागचे तिकीट मात्र चालते. पैसे मालकाचे आणि सुख नोकराचे, ही जी धनी व प्रतिनिधी यांच्यातील जुनी विसंगती, तिच्या फटीत हे भाडे नेमके बसविलेले होते. हिशेबतपासनिसाला दिसणारी किंमत आणि प्रवाशाला मिळणारी वस्तू यांची इतकी सफाईदार फारकत अन्य बाजारांत क्वचितच आढळेल.

नित्यप्रवाशांना मिळणाऱ्या फुकट वर्गोन्नतीचे स्थानही बदलत गेले आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली नित्यप्रवासी योजना सुरू केल्यानंतर रिकामी पुढची आसने ही निष्ठेचे बक्षीस म्हणून वाटण्याची प्रथा पसरली. बक्षिसाचा खर्च जवळजवळ शून्य आहे असे तेव्हा मानले जाई, आणि आसन अन्यथा रिकामेच जाणार असेल तर ते खरेही होते. परंतु त्याच आसनासाठी थोडी का होईना, रक्कम देणारे ग्राहक आहेत असे दिसून येताच त्या बक्षिसाला पर्यायी खर्च उत्पन्न झाला. डेल्टा कंपनीत पैसे देऊन घेतलेल्या पुढच्या आसनांचे प्रमाण पूर्वी अल्प होते आणि मागाहून ते बहुसंख्य झाले, हे तिच्या व्यवस्थापनाने गुंतवणूकदारांपुढे उघडपणे सांगितले आहे. जुन्या नित्यप्रवाशांची जी तक्रार कानी येते तिचे मूळ यात आहे.

येथवर लहरीपणाचा आरोप खोडून निघाला. आता दुसरा आरोप. वरील उदाहरणातील कंपनी शेवटच्या दिवशी नेहमीच ६,००० किंवा १,००० रुपयांत आसन देऊ लागली, तर पूर्वी २४,००० देणारा प्रवासी पुढच्या खेपेस मागचे तिकीट घेऊन वाट पाहील. टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराविषयी रोनाल्ड कोझ यांनी १९७२ साली जे म्हटले, त्याची ही छोटी आवृत्ती होय : उद्या किंमत उतरणार हे ठाऊक असले की आजची किंमत कोणी देत नाही. यावर उपाय एकच. उद्याची सवलत मिळेल की नाही हे अनिश्चित ठेवणे. म्हणजे वर्गोन्नतीच्या दरांतील अनाकलनीयता हा प्रणालीचा केवळ अनुषंगिक दोष नव्हे. धनवान प्रवाशाला खालच्या दराकडे वळण्यापासून अडविणारे ते एक कुंपण आहे. द्युप्युईच्या काळी हे काम उघड्या डब्यातील पाऊस करीत असे.

बोलीने होणारी वर्गोन्नती हे या अनिश्चिततेचे सर्वांत शुद्ध रूप आहे. २००९ साली स्थापन झालेल्या माँट्रियलच्या प्लसग्रेड या संस्थेने अशी व्यवस्था अनेक कंपन्यांना पुरविली. प्रवाशाने बंद बोली द्यावयाची आणि स्वीकारली गेल्यास बोलीइतकीच रक्कम भरावयाची. आसने किती, प्रतिस्पर्धी किती, कंपनीची गुप्त किमान अपेक्षा कोणती, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरावी अशी जी योजना विल्यम व्हिक्री यांनी १९६१ साली अभ्यासिली, तीत खरे मूल्यांकन सांगणे बोली लावणाऱ्याच्या हिताचे असते. येथे मात्र खरे सांगणाऱ्याचे सारे संतोषाधिक्य विक्रेत्याकडे जाते. विमानव्यवसायानेच लिलावाचा प्रांजळ उपयोगही केला आहे, हे विसरता कामा नये. जादा तिकिटे विकल्यावर कोणाला मागे ठेवावे हे स्वेच्छेने भरपाई घेणाऱ्यांकडून ठरवून घ्यावे, ही जूलियन सायमन यांची १९६८ ची सूचना अमेरिकेत त्यानंतरच्या दशकाअखेरीस स्वीकारली गेली.

दर सोपे करून पाहण्याचा प्रयत्नही झाला होता. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील भाडी नियंत्रणमुक्त झाल्यानंतर दरांचे जे रान माजले, त्याला कंटाळून एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सारी देशांतर्गत भाडी चार प्रकारांत बसविली : पहिला वर्ग, निर्बंधमुक्त मागचा वर्ग आणि आगाऊ खरेदीचे दोन दर. पहिल्या वर्गाचे भाडे मोठ्या प्रमाणावर उतरविले गेले. प्रवाशांनी स्वागत केले. प्रतिस्पर्ध्यांनी दरयुद्ध सुरू केले. त्या उन्हाळ्यात भाडी निम्म्यावर आली आणि शरद ऋतू येईतो ती योजना गुंडाळली गेली. स्पष्ट दर हा स्पर्धकाला नेमके कोठे वार करावा हे दाखवितो, एवढे त्यातून निश्चित झाले. २०२५ साली डेल्टाने आपल्या देशांतर्गत भाड्यांपैकी काही भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ठरविण्याची योजना सांगितली, तेव्हा अमेरिकन सिनेटरांनी प्रत्येक व्यक्तीस निराळी किंमत लागेल काय, असा प्रश्न केला. कंपनीने वैयक्तिक माहितीवर आधारित भाडी आकारीत नसल्याचे उत्तर दिले. पिगूने १९२० साली 'पहिल्या श्रेणीचा' म्हणून वर्णिलेला मूल्यभेद आजवर पाठ्यपुस्तकातील एक टोकाची कल्पना होता. तो व्यवहारात उतरावयाचा झाल्यास वर्गोन्नतीचे शुल्क हे त्याचे सोयीचे प्रवेशद्वार ठरेल, कारण येथे ग्राहकाची ओळख, त्याचे मूळ भाडे आणि त्याचा प्रवासेतिहास हे विक्रेत्याला आधीच ठाऊक असतात.

वर्गाची किंमत किती, या प्रश्नाला बाजार टाळीत असला तरी कायद्याला तो टाळता आलेला नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या विनियमानुसार कंपनीने आपण होऊन प्रवाशाला वरच्या वर्गात बसविल्यास जादा रक्कम मागता येत नाही. खालच्या वर्गात बसविल्यास मात्र तिकिटाच्या किमतीचा ३०, ५० किंवा ७५ टक्के भाग अंतरानुसार परत द्यावा लागतो. हा टक्का कशाचा, हा वाद २०१६ साली युरोपीय न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ठरविले की, तो संपूर्ण प्रवासाच्या किमतीचा नसून ज्या उड्डाणात वर्ग घटला त्या उड्डाणाच्या किमतीचा होय. ती तिकिटावर निराळी दर्शविलेली नसेल तर अंतराच्या प्रमाणात काढावी. आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर तीत धरू नयेत. भारतात १९९४ साली विमान महामंडळांचा १९५३ चा कायदा रद्द होऊन भाडी मोकळी झाली. वर्गावनतीच्या भरपाईचा नियम मात्र नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०२३ साली केला. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० वा ७५ टक्के. मुंबईहून दिल्लीला जाणारा प्रवासी खाली ढकलला गेला तर त्याच्या तिकिटाचा तीन-चतुर्थांश भाग परत येतो. तोच प्रवासी वर चढू इच्छील तेव्हा मात्र त्या पायरीची किंमत कोणत्याही नियमात लिहिलेली नाही.