नियम पाळणारा कारकून



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' या विषयावर बोलायला बोलावलं, याचं तुमच्याइतकंच मलाही आश्चर्य वाटलं. पण होकार दिला, त्याला कारण आहे. इथल्या पेन्शनर मंडळींना माहीतच आहे की दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचं आपल्याला सिद्ध करावं लागतं. (हशा) दोन वर्षांपूर्वी यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. वय झालं की बोटांच्या रेषा पुसट होतात. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे ना?" ती म्हणाली, "सर, मला दिसतंय हो, पण सिस्टिम घेत नाही." तिला दिसत होतं, मग तिला ठरवता का येत नव्हतं? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी शब्दांचा अर्थ नीट लावून घेऊ. रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, थोडक्यात आरपीए, यात लोखंडी हातापायांचा यंत्रमानव नसतो. तो एक संगणक प्रोग्राम असतो, त्याला 'बॉट' म्हणतात. एखादा कारकून करतो तेच तो करतो. लॉगिन करतो, ईमेल उघडतो, सोबत आलेलं बिल काढतो, त्यातला आकडा एक्सेलमध्ये टाकतो, तिथून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो, 'सबमिट' दाबतो. कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नाही, म्हणून व्यवसायांना तो आवडतो. रात्री दोन वाजताही तो कंटाळत नाही आणि ५४ चे ४५ करत नाही. पण पडद्यावरचं एखादं बटण इकडचं तिकडे गेलं, की तो अडतो. कारण त्याला सांगितलेले नियम कळतात, कामाचा हेतू कळत नाही.

दुसरा शब्द 'प्रक्रिया'. काम आणि प्रक्रिया यांत फरक आहे. पंगतीत भात वाढणं हे काम. पानं मांडण्यापासून विडा देईपर्यंत सगळं मिळून पंगत, ती झाली प्रक्रिया. भात वाढणारा कितीही चपळ असला आणि वरण मागे राहिलं, तर पंगत खोळंबतेच. बॉट हा चपळ भात वाढणारा आहे. वरण का अडलंय, हे पाहणं म्हणजे प्रक्रिया व्यवस्थापन.

याचं उत्तम उदाहरण मायकेल हॅमर यांनी १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या एका गाजलेल्या लेखात दिलं होतं. फोर्ड मोटर कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिलं भागवणाऱ्या खात्यात, ५०० हून अधिक माणसं होती. संगणक आणून ती ४०० वर आणू, असा बेत होता. मग त्यांनी माझदाकडे पाहिलं. तिथे हेच काम ५ जण करत होते! माझदा लहान कंपनी, हे धरलं तरी हिशेब जुळेना.

आता बघा, फोर्डमध्ये व्हायचं काय? खरेदी खात्याची ऑर्डर, गोदामाची माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल, असे तीन कागद यायचे. ते जुळले तर पैसे द्यायचे. कारकुनांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांचा शोध घेण्यात जायचा. मग फोर्डने जुळवाजुळवीचा वेग वाढवण्याऐवजी बिलच काढून टाकलं. ऑर्डर संगणकात नोंदलेली असते. माल आला की गोदामातच ती पाहायची, जुळला तर घ्यायचा आणि पैसे द्यायचे, नाहीतर माल परत. माणसं एकपंचमांश कमी करायची होती, ती तीनचतुर्थांश कमी झाली. फोर्डने त्या ५०० जणांच्या जागी ५०० बॉट बसवले असते, तर तीच निरर्थक जुळवाजुळव विजेच्या वेगाने चालू राहिली असती. म्हणून पहिला धडा हा, की जे काम करायलाच नको, ते यंत्राकडून करून घेऊ नका.

दुसरा धडा अधिक गंभीर आहे. आपल्याकडे पाणिनीच्या परंपरेत 'उत्सर्ग' आणि 'अपवाद' अशी जोडी आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. अपवाद तिथे उणेपणा नसतो, तो शास्त्राचाच भाग असतो आणि आपल्या क्षेत्रात तो नियमापेक्षा बलवान ठरतो. ॲरिस्टॉटलही हेच वेगळ्या रीतीने सांगतो. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत, ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाके. न्यायालाही कधी कधी अशी पट्टी लागते, असं तो म्हणतो. बॉटकडे फक्त लोखंडी पट्टी असते.

ती लोखंडी पट्टी माणसांवर चालवली, की काय होतं? ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सरकारी भत्त्यांची वसुली स्वयंचलित केली गेली. लोक तिला 'रोबोडेट' म्हणू लागले. ते आरपीए नव्हे, पण त्याच जातीचं स्वयंचलन. करदात्याचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं आणि २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं. समजा, एका विद्यार्थ्याने १३ पंधरवडे काम करून दर वेळी २,००० डॉलर मिळवले. उरलेले १३ पंधरवडे कमाई शून्य, म्हणून नियमाप्रमाणे भत्ता घेतला. सरासरी निघाली १,०००. मग यंत्र म्हणणार, भत्ता घेतानाही तू हजार कमावत होतास, पैसे परत कर! तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार त्या विद्यार्थ्यावर. पूर्वी कर्मचारी अशी तफावत स्वतः तपासत, ती तपासणीच काढून टाकली होती. २०१९ मध्ये न्यायालयात अशी वसुली बेकायदा ठरली, २०२० मध्ये सरकारने कोट्यवधी डॉलर परत करायचं ठरवलं, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने या योजनेवर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. यंत्राचा भागाकार बरोबर होता. चूक होती ती भागाकार करायला सांगणाऱ्यांची.

मग यंत्रच नको का? नाही, तसं मी म्हणत नाही. जपानच्या साकिची टोयोडा यांचा माग आठवा. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, म्हणून एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकायचा. टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीत हेच तत्त्व 'जिदोका' नावाने पुढे आलं. मला वाटतं, शहाणं स्वयंचलन ते, ज्याला आपण कुठे थांबायचं हे कळतं.

व्यवसाय चालवणाऱ्या तरुण मित्रांनी एवढं करावं. बॉट विकत घेण्याआधी प्रक्रिया कागदावर मांडा, आणि ती साहेबाला विचारून मांडू नका, रोज काम करणाऱ्याच्या शेजारी बसून मांडा. अनावश्यक पायऱ्या काढा. जिथे नियम स्पष्ट आणि काम पुनःपुन्हा तेच, तिथेच बॉट लावा. अडलेली प्रकरणं कोणत्या माणसाकडे जाणार, त्याचं नाव आधी ठरवा आणि त्याला निर्णयाचा अधिकार द्या. नुसती जबाबदारी देऊन अधिकार न देणं, हा त्या माणसावरही अन्यायच.

माझ्या अंगठ्याचं काय झालं? मी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा एका जुन्या अधिकाऱ्याने कपाटातून छापील फॉर्म काढला, माझी सही घेतली, स्वतःची केली, शिक्का मारला. दोन मिनिटांत मी जिवंत! (हशा) म्हणजे अपवादाची वाट नियमात होतीच. ती त्या मुलीला कुणी दाखवली नव्हती. दोष तिचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. ज्याने ती प्रक्रिया आखली, त्याने पुसट रेषांचा म्हातारा डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. तुम्ही प्रक्रिया आखाल, तेव्हा त्याला तेवढा आणा.