जॉन क्लीझ : लेखणीतून उभा राहिलेला विनोदवीर

जॉन क्लीझ यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३९ रोजी इंग्लंडमधील वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील विमा विकत. घराण्याचे मूळ आडनाव ‘चीझ’ होते. लाज वाटते म्हणून वडिलांनी १९१५ साली सैन्यात भरती होताना ते बदलून घेतले. शाळेतल्या पोरांनी मात्र मुलाला चिडवायचे सोडले नाही. शिवाय तेराव्या वर्षीच त्याची उंची सहा फुटांवर गेलेली. अशा ताडमाड, एकुलत्या एका मुलाला लवकरच उमगले की हसवता आले, की पोरे आपल्यात घेतात.

पुढचे शिक्षण ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात झाले. नाव कॉलेजचे असले, तरी ही शाळाच. तिथे तो क्रिकेट खेळला आणि विज्ञान शिकला. आवारातल्या फील्ड मार्शल हेग यांच्या पुतळ्यापासून स्वच्छतागृहापर्यंत त्याने पावलांचे ठसे रंगवले, जणू पुतळा उतरून जाऊन आला, असेही सांगितले जाते. खरे असो वा नसो, पुढच्या क्लीझना ते शोभते : प्रतिष्ठितांची फजिती, तीही रीतसर आखून केलेली.

केंब्रिजला ते कायदा शिकायला गेले. तिथल्या ‘फूटलाइट्स’ या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात त्यांना वैद्यकीचा विद्यार्थी ग्रॅहम चॅपमन भेटला. मंडळाचा १९६३चा प्रयोग लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेला, पुढच्या वर्षी न्यूझीलंड करून ब्रॉडवेपर्यंत पोहोचला. कायद्याची पदवी हातात होती, पण वकिली मागेच पडली. बीबीसीत विनोदी लेखनाची नोकरी मिळाली. १९६६च्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’मध्ये ते लिहू लागले आणि पडद्यावरही दिसू लागले.

५ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही विनोदी मालिका सुरू झाली. सहा जणांच्या या चमूत क्लीझ आणि चॅपमन जोडीने लिहीत. वाक्यन् वाक्य घासण्याचे काम क्लीझ यांचे. चॅपमन बराच वेळ गप्प बसून अचानक काहीतरी भलतेच सुचवी. मेलेल्या पोपटाचे गाजलेले प्रहसन असेच घडले. आधीच्या एका कार्यक्रमात खराब गाडी विकून दोष कबूल न करणारा विक्रेता होता. गाडीच्या जागी पोपट आला आणि नेहमीच्या तक्रारीचा पार वेडाचार झाला. तोचतोपणा जाणवू लागल्यावर क्लीझ तिसऱ्या पर्वानंतर मालिकेतून बाहेर पडले.

त्यांचे सर्वांत नेटके काम त्यानंतरचे. १९७० साली चित्रीकरणासाठी चमू टॉर्की गावी उतरला होता. तिथला हॉटेलमालक कमालीचा तिरसट; चमूतल्या एरिक आयडल यांची बॅग त्याने बॉम्बच्या संशयाने भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. बाकीचे दुसरीकडे गेले. क्लीझ मात्र तिथेच राहिले. त्यांना नमुना सापडला होता! त्यातून १९७५ साली ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेतला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी जन्मला : बड्या पाहुण्यांपुढे लोटांगण घालणारा, इतरांवर खेकसणारा आणि बायकोला टरकणारा.

लेखनात त्यांची भागीदार होती पत्नी कॉनी बूथ. ती मालिकेत पॉलीची भूमिकाही करी. दोघे आधी कथानकाचा सांगाडा पक्का करीत, संवाद नंतर. एका भागाला सहा-सहा आठवडे लागत आणि संहिता नेहमीच्या अर्ध्या तासाच्या मालिकेच्या जवळजवळ दुप्पट जाड होई. बेसिल एक खोटे बोलतो, ते झाकायला दुसरे, आणि शेवटी सगळी खोटी एकाच खोलीत समोरासमोर येतात. पडद्यावर जो गोंधळ वाटतो, त्यातले प्रत्येक दार केव्हा उघडायचे हे कागदावर ठरलेले असे. बीबीसीतल्या एका वाचकाने संहिता टाकाऊ ठरवली होती. तरीही १९७५ आणि १९७९ मिळून बारा भाग झाले. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट झाला, पण दुसरे पर्व त्यांनी एकत्रच लिहिले. तिसरे झाले नाही. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत ही मालिका ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत पहिली आली.

१९८८च्या ‘अ फिश कॉल्ड वांडा’ या चित्रपटात ते प्रमुख भूमिकेत होते, पटकथाही त्यांचीच. ऑस्करचे नामांकन त्यांना मिळाले ते पटकथेसाठी.