हॉस्पिस पारखायचं कसं?

‘आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या हाती विचाराला फार तर दोन-चार दिवस उरतात. त्या घाईत कुणी एखाद्या हॉस्पिसचा नंबर देतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं. फोटोत बाग असते, स्वच्छ चादरी असतात, हसऱ्या सिस्टर असतात. त्यावरून कळतं इतकंच की जागा नीटनेटकी आहे. हॉस्पिसमध्ये आजार बरा करायचा नसतो, त्रास कमी करायचा असतो, म्हणून ‘किती पेशंट बरे झाले’ हा नेहमीचा प्रश्नही विचारता येत नाही. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजना मृताच्या घरच्यांना प्रश्नावली पाठवते आणि उत्तरांवरून हॉस्पिसना तारे देते. आपल्याकडे ही पाहणी ज्याची त्यालाच करावी लागते.

ती एका दुपारीही होऊ शकते. प्रश्न मात्र असे विचारायचे की नुसतं ‘हो, हो, आम्ही सगळं करतो’ म्हणून भागणार नाही, काहीतरी काढून दाखवावं लागेल. ‘तुम्ही वेदना कमी करता का?’ याला कुणीही हो म्हणेल. ‘वेदनेची नोंद कशी ठेवता, एखादा कोरा तक्ता दाखवाल?’ याला प्रत्येकाकडे उत्तर नसतं.

आपल्याला नेमकं काय हवं?

आजच्या हॉस्पिसची सुरुवात लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्समध्ये १९६७ साली झाली. ते उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशी तिन्ही कामं केली होती. पेशंटच्या दुखण्यात शरीराबरोबर मन, घरची परिस्थिती आणि श्रद्धा यांचाही वाटा असतो, असं त्या सांगत. भारतातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती अवेदना. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे. या दोन्ही संस्था पेशंटकडून पैसे घेत नाहीत. अशा ठिकाणी प्रश्न दराचा नसतो. तिथे आधी विचारायचं ते जागा कधी मिळेल आणि कोणत्या आजाराचे पेशंट घेता. अनेक केंद्रं कॅन्सरसाठीच आहेत. आजार किडनीचा, हृदयाचा किंवा स्मृतिभ्रंशाचा असेल तर हे फोनवरच विचारून घ्यावं.

हल्ली काही वृद्धाश्रम आणि नर्सिंग होमही पाटीवर ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, असं लिहितात. पाटी लावायला फारसं काही लागत नाही. फरक आत गेल्यावर कळतो, आणि सगळ्यात आधी औषधाच्या कपाटापाशी.

मॉर्फीन आहे का?

हा पहिला प्रश्न. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फीन हे मुख्य औषध, आणि तसं महागही नाही. अडचण कायद्याची होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते ठेवायला निरनिराळे परवाने लागत, त्यामुळे पुष्कळ डॉक्टर त्या वाटेलाच जात नसत. २०१४ च्या दुरुस्तीने हे सोपं झालं. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली संस्था मॉर्फीन ठेवू शकते. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळीगोळीचा हिशोब ठेवणारं रजिस्टर लागतं.

म्हणून विचारायचं, ‘तुमच्याकडे मॉर्फीनची मान्यता आहे का? आत्ता गोळ्या शिल्लक आहेत का?’ कुलूपबंद कपाट आणि रजिस्टर असेल तर बोट दाखवायला कुणाला वेळ लागत नाही. ‘आम्ही ट्रामाडॉलसारख्या सौम्य औषधावर भागवतो’ किंवा ‘लागलं तर बाहेरून मागवू’ हे उत्तर पुरेसं नाही. रात्री दोन वाजता मॉर्फीन बाहेरून येत नाही.

दुसरा प्रश्न, ‘मॉर्फीनबरोबर आणखी काय देता?’ मॉर्फीनने बहुतेकांना बद्धकोष्ठ होतो, म्हणून जाणकार डॉक्टर पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध जोडूनच लिहितो. सिस्टरने हे न विचारता सांगितलं तर त्या केंद्रात हे औषध रोजच्या वापरातलं आहे असं समजावं. घरच्यांची भीतीही इथेच बोलून टाकावी. व्यसन लागेल का? मॉर्फीन म्हणजे शेवट आला का? डॉक्टर पाच मिनिटं बसून समजावतात की ‘तुम्ही काळजी करू नका’ म्हणून उठतात, यावरूनही बरंच कळतं.

तक्ता वाचा

जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत १९८६ साली मांडली. तिच्यातली तीन सूत्रं आजही पाळली जातात. औषध शक्यतो तोंडाने द्यायचं, घड्याळ लावून द्यायचं आणि माणसागणिक ठरवायचं. साध्या मॉर्फीनचा असर सुमारे चार तास टिकतो. दुखायला लागल्यावर गोळी देत राहिलं तर पेशंट दिवसभर दुखण्याच्या मागे धावत राहतो. म्हणून ठरलेल्या वेळी ठरलेला डोस, आणि मध्येच कळ उठली तर वरचा एक डोस, असं दोन्ही लिहिलेलं हवं.

ते तक्त्यात दिसतं. चांगल्या तक्त्यातली एखादी नोंद अशी असते: ‘दु. २: वेदना ८. मॉर्फीन १० मिग्रॅ तोंडाने. दु. ३: वेदना ३. थोडा भात खाल्ला.’ महत्त्वाची ओळ दुसरी. गोळी दिल्याची नोंद सगळीकडे असते. जिथे तासाभराने परत येऊन ‘आता कसं वाटतंय?’ विचारल्याची नोंद ठेवतात, तिथेच वेदना मोजली जाते. ज्या आजींना शून्य ते दहाचं गणित उमगत नाही त्यांना ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ असं विचारणारी सिस्टर भेटली, तर ती मनापासून विचारते आहे असं समजा. दुसऱ्या पेशंटचा कागद मात्र मागू नये, आणि कुणी सहज पुढे केला तर तीही चांगली खूण नाही. कोरा नमुना मागावा, किंवा नाव झाकलेला.

वॉर्डातून चालताना पेशंट जागे आहेत का तेही पाहा. सकाळी अकरा वाजता सगळेच गाढ झोपलेले असतील तर कारण विचारावं. अगदी शेवटच्या दिवसांत झोप वाढते हे खरं. पण दुखणं आटोक्यात आलेला माणूस बहुधा बोलतो, चहा मागतो, नातवाची चौकशी करतो. दुखणं थांबवणं वेगळं आणि माणसाला गुंगीत ठेवणं वेगळं.

जखम, पाठ आणि तोंड

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. शेवटच्या टप्प्यात गालावरची जखम उघडी पडते आणि तिला वास येतो. त्या वासापायी माणूस नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. वास येतो जखमेतल्या जंतूंमुळे आणि त्यावर उपाय साधा आहे: ड्रेसिंग करताना मेट्रोनिडॅझोलची जेल लावतात किंवा गोळ्यांची पूड भुरभुरवतात. ‘वास येणाऱ्या जखमेला काय करता?’ असं विचारून बघा. जिथे हे काम रोज चालतं तिथे सिस्टर लगेच पूड, गॉज आणि दिवसातून किती वेळा हे सगळं सांगते. अशा जखमेतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्यासाठी तयारीतली केंद्रं कॉटजवळ गडद रंगाचे टॉवेल ठेवतात. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं लाल रक्त पेशंटला आणि घरच्यांना घाबरवून सोडतं, गडद कापडावर ते तितकं दिसत नाही. इतका बारीक विचार जिथे झालेला असतो तिथे बाकीचाही झालेला असण्याची शक्यता मोठी.

पाठीसाठी विचारायचं, कूस किती तासांनी बदलता, एअर बेड आहेत का, आणि रात्री हे कोण करतं. तोंडासाठी वेगळं विचारायला लागत नाही. चार पेशंटचे ओठ बघितले की तोंडाची निगा राखली जाते की नाही ते समजतं.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांशीही बोला. सर्वांत जास्त वेळ पेशंटजवळ तेच असतात. ‘मावशी, इथे किती वर्षं झाली?’ एवढं विचारलं तरी माणसं टिकतात की महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात ते कळतं.

रात्री कोण असतं?

दिवसा बहुतेक केंद्रं बरी दिसतात. म्हणून रात्रपाळीचं वेळापत्रक बघायला मागा. रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर? डॉक्टर आवारात असतो की फोनवर? फोनवर असेल तर कळ वाढल्यावर डोस वाढवण्याचा लेखी आदेश सिस्टरकडे आधीच असतो का?

केंद्र घरी येऊन सेवा देणारं असेल तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. त्यांच्या हेल्पलाइनला रात्री साडेदहा-अकराला खरंच एक फोन करून पाहावा. कोण उचलतं, नर्स की निरोप घेणारं माणूस? आमच्या भागात येता का, आठवड्यातून किती वेळा, वाहतुकीमुळे पोचायला किती वेळ लागतो, हे त्याच फोनवर विचारून होतं. अमेरिकेच्या मोजमापातला एक मुद्दा इथे उपयोगी आहे. आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा समाजसेवक प्रत्यक्ष भेटायला गेले का, हे तिथे तपासतात. आपणही विचारावं, ‘शेवटचे दिवस आहेत असं दिसलं की तुमच्या फेऱ्या वाढतात का?’

घरी मृत्यू झाला तर दाखल्याचं काय, हेही आत्ताच विचारायचं. घरी झालेल्या मृत्यूसाठी शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना ४-अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं, तेही शुल्क न घेता. हा कागद कोण देणार ते ठरलेलं नसलं की पहाटे घरातलं एक माणूस डॉक्टर शोधत फिरतं.

पेशंटशी कोण, काय बोलतं?

‘बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.’ आपल्याकडे बहुतेक घरांतून हे वाक्य येतंच. तुम्ही ते केंद्रात म्हणून बघा आणि उत्तर ऐका. ‘बरं, नाही सांगणार’ हे सोपं उत्तर आहे. ‘सांगावंच लागेल, आमचा नियम आहे’ हेही तितकंच सोपं. अनुभवी डॉक्टर किंवा समाजसेविका म्हणेल, ‘आम्ही आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आधी त्यांना किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय ते आम्ही त्यांनाच विचारू.’ पुष्कळदा बाबांना सगळं ठाऊक असतं, आणि बँकेतलं नामनिर्देशन किंवा धाकट्या मुलीचं लग्न यांबद्दल बोलायला त्यांना माणूस मिळत नसतो.

अचानक बिघडलं तर?

याला ‘लगेच आयसीयूत हलवतो’ असं सरसकट उत्तर आलं तर तिथे हॉस्पिसचं काम चालत नाही. ‘आम्ही काहीच करत नाही’ हेही चुकीचं. लघवी अडकणं, जंतुसंसर्ग, हाड मोडणं यांसारख्या गोष्टी त्रासदायक असतात आणि पुष्कळदा त्यांवर उपाय असतो. काय बरं होण्यासारखं आहे आणि काय नाही, ही निवड कशी आणि कुणाला विचारून करता, ते त्यांनी उदाहरण देऊन सांगावं. शेवटी कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र पेशंटने करून ठेवलं असेल तर ते दाखवा. अशा वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. ज्या केंद्राला हे माहीत आहे ते कागदाची प्रत फाइलला लावून घेतं.

शेवटच्या दिवसांत गिळणं थांबतं आणि घशात घरघर लागते. पेशंट गिळू शकत नसेल तेव्हा औषध कसं देता, असं विचारा. शिरा शोधत टोचत बसण्यापेक्षा कातडीखाली बारीक सुई ठेवून औषध देता येतं, आणि हॉस्पिसमधल्या सिस्टरला ते यायलाच हवं. सलाईन लावा असा आग्रह घरचे धरतात, तेव्हा त्याने सूज आणि घरघर वाढू शकते हे कुणी समजावतं का? आणि तोंडात तुळशीपत्र, ओठाला दोन थेंब पाणी, उशाशी पोथी, रात्रभर मुलगा जवळ, यांना जागा आहे का? भेटीच्या वेळा इथेही चार ते सहाच असतील तर पुढचं केंद्र बघा.

पैसे

फी घेणाऱ्या ठिकाणी दरपत्रक लेखी घ्या. रोजच्या दरात काय येतं आणि डायपर, ऑक्सिजन, एअर बेड, ड्रेसिंगचं सामान, रुग्णवाहिका यांतलं काय वेगळं लागतं? पंधरा दिवसांचं डिपॉझिट भरलं आणि पेशंट तिसऱ्या दिवशी गेला तर उरलेली रक्कम कधी परत मिळते? हा प्रश्न विचारायला जड जातो, पण चांगलं केंद्र तो ऐकून दचकत नाही. कॅन्सर बरा करण्याची हमी किंवा गुप्त औषध देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचं कारण नाही.

दाखल केल्यावर

पाहणी तिथे संपत नाही. तिसऱ्या दिवशी तीन गोष्टी बघा. पहिल्या दिवसापेक्षा दुखणं कमी झालंय का, रात्री झोप लागते का, पोट साफ होतंय का. तिन्हींत फरक नसेल तर सिस्टरशी वाद घालू नका. डॉक्टरांना भेटून तक्ता समोर ठेवून विचारा. सगळी दुखणी तीन दिवसांत आटोक्यात येत नाहीत, पण काय बदललं आणि पुढे काय करून बघणार हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. ते नाही आलं तर केंद्र बदलायला संकोच नको.

आणि एवढं करून दोन केंद्रं सारखीच चांगली वाटली, तर घराजवळचं घ्या. ज्या हॉस्पिसला भाऊ कामावरून सुटल्यावर आणि सून डबा घेऊन रोज जाऊ शकतात, तिथल्या पेशंटकडे आणखी दोन डोळ्यांचं लक्ष राहतं. ते डोळे घरच्यांचेच असतात, आणि पेशंटला हवी असलेली माणसंही तीच.